वाचकांचे प्रश्न : सहकुटुंब स्कूबा सहलीसाठी डायव्ह सेंटर आणि गाईड यांची पारख

परदेशातील सहलीत मुलाबाळांसह स्कूबा डायव्हिंग करण्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : पुढच्या सुट्टीत आम्ही चौघे एका बेटावर स्कूबा डायव्हिंगसाठी जाणार आहोत. पत्नीने काही वर्षांपूर्वी ओपन वॉटर हा डायव्हिंगच्या प्रमाणपत्राचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला, पण त्यानंतर ती पाण्याखाली गेलेली नाही. मी एकदाही डायव्हिंग केलेले नाही. मुलगी 13 वर्षांची असून तिला प्रमाणपत्र मिळवायचे आहे; मुलगा 9 वर्षांचा आहे आणि ताईला जे मिळेल ते आपल्यालाही मिळालेच पाहिजे, असा त्याचा हट्ट आहे. त्या बेटावर बरीच डायव्ह सेंटर आहेत आणि प्रत्येकाच्या जाहिरातीत सुरक्षिततेची ग्वाही दिलेली आहे. निवड कशी करावी?

उत्तर : जाहिराती बाजूला ठेवा आणि तीन-चार सेंटरना एकच पत्र पाठवा. तुम्ही आम्हाला जे कळवले आहे, तेच त्यात जसेच्या तसे लिहा : चौघांची वये, पत्नीचा अनुभव, तिच्या शेवटच्या डायव्हला लोटलेला काळ, मुलांना पोहता येते की नाही, आणि चौघांनी मिळून काय करावे असे वाटते ते. मग उत्तर किती लवकर आले यापेक्षा त्यात काय आले आहे ते पाहा. नुसते दरपत्रक आणि 'चौघेही एकत्र समुद्रात उतरू शकाल' असे आश्वासन आले, तर ते सेंटर तिथेच यादीतून काढून टाका, कारण चौघांना एकत्र नेणे प्रशिक्षण संस्थांच्या नियमांतच बसत नाही. चांगल्या सेंटरकडून उत्तराबरोबर उलट प्रश्नही येतील. मुलांची उंची आणि वजन किती, कोणाला दमा किंवा कानाचा त्रास आहे का, परतीचे विमान कोणत्या दिवशी आणि किती वाजता आहे, पत्नीच्या प्रमाणपत्राची प्रत पाठवता येईल का, अशी विचारपूस जे सेंटर करते आणि मुलाच्या बाबतीत स्पष्ट नकार कळवते, ते तुमच्या कामाचे आहे. सेंटरची पारख त्याच्या होकारापेक्षा नकारावरून अधिक अचूक होते, असे माझे मत आहे.

हा नकार कशावर आधारलेला असतो, ते पाहू. जगातील सर्वांत मोठी प्रशिक्षण संस्था असलेल्या पॅडीच्या नियमांनुसार खुल्या समुद्रातील पहिल्या चाचणी-डायव्हसाठी वयाची किमान 10 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि त्या डायव्हची कमाल खोली 12 मीटर असते. 8 वर्षांवरील मुलांसाठी वेगळा कार्यक्रम असतो. तो तलावात किंवा तशाच बंदिस्त, शांत पाण्यात जास्तीत जास्त 2 मीटर खोलीवर होतो. तुमच्या मुलासाठी सध्या तेवढीच वाट मोकळी आहे, आणि ती कमी आनंदाची आहे असे मुळीच नाही. मुलीला ज्युनिअर ओपन वॉटर प्रमाणपत्र मिळू शकते. मात्र 12 ते 14 या वयोगटातील प्रमाणपत्रधारकाने प्रमाणित प्रौढ व्यक्तीबरोबरच पाण्यात उतरावे आणि 18 मीटरपेक्षा खोल जाऊ नये, असे बंधन आहे. 10 आणि 11 वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा 12 मीटरची आहे आणि सोबत स्वतः प्रमाणपत्रधारक असलेले पालक किंवा व्यावसायिक प्रशिक्षक असावे लागतात.

यातली मेख अशी की, मुलीची जोडीदार म्हणून तुम्ही चालणार नाही, कारण तुमच्याकडे प्रमाणपत्र नाही. आणि पत्नीकडे प्रमाणपत्र असले तरी तिचा सराव तुटलेला आहे. कागदावर ती मुलीची प्रौढ जोडीदार ठरते. पाण्यात मात्र मास्कमध्ये शिरलेले पाणी काढताना तिचीच तारांबळ उडाली, तर मुलीकडे लक्ष कोण देणार? म्हणून पत्नीसाठी उजळणीचा वर्ग आणि त्यानंतर मायलेकींसाठी मिळून एक स्वतंत्र गाईड, अशी मागणी आधीच नोंदवा. तुमचा चाचणी-डायव्ह वेगळा, प्रशिक्षकाबरोबर होईल. खुल्या समुद्रातील चाचणी-डायव्ह प्रशिक्षकानेच घ्यायचा असतो. डायव्हमास्टर हा प्रमाणपत्र असलेल्यांना वाट दाखवणारा गाईड असतो, नवख्याला पहिल्यांदा समुद्रात नेण्याचा अधिकार त्याला नसतो. हा फरक पुष्कळ पर्यटकांना ठाऊक नसतो आणि काही सेंटर त्याचा फायदा घेतात.

पत्रात आणखी एक गोष्ट जरूर विचारा : मुलांच्या मापाची साधने आहेत का? रेग्युलेटरचा (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी पुरवणाऱ्या साधनाचा) तोंडात धरायचा भाग लहान हवा, बीसीडी जाकीट (हवा भरून किंवा सोडून तरंगणे सांभाळायचे जाकीट) अंगाबरोबर बसणारे हवे आणि सिलिंडर लहान हवा. नेहमीचा 11 लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा असतानाच सुमारे 14 किलो भरतो. तो पाठीवर घेऊन हलत्या बोटीवर उभे राहणे 13 वर्षांच्या मुलीला जड जाते. वेटसूटही (ऊब टिकवणारा घट्ट रबरी पोशाख) तिच्या मापाचाच हवा. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे 28 अंश तापमानाच्या पाण्यातही सडपातळ मूल अर्ध्या तासात कुडकुडू लागते, आणि कुडकुडणाऱ्या मुलाचे सूचनांकडे लक्ष राहत नाही. 'आमच्याकडे सगळी मापे आहेत' या उत्तरावर समाधान मानू नका. उंची-वजन कळवून कोणते माप देणार ते लिहून मागवा.

प्रश्न : एका सेंटरला पंचतारांकित दर्जा आहे, दुसऱ्याला तो नाही, पण दुसऱ्याविषयी पर्यटकांचे अभिप्राय अधिक चांगले आहेत. कशावर विश्वास ठेवावा?

उत्तर : दोन्हींवर बेताचाच ठेवावा. पॅडी, एसएसआय, नॉई, सीमास या संस्था अभ्यासक्रम आणि नियम ठरवतात. सेंटर हे त्यांचे सदस्य असते आणि त्याचा रोजचा कारभार त्याचे मालकच चालवतात. ताऱ्यांचा संबंध प्रामुख्याने त्या सेंटरमध्ये कोणत्या सेवा आणि कोणते प्रशिक्षण मिळते याच्याशी असतो. तुम्ही जाल त्या दिवशी बोटीवर किती गाईड असतील, हे तारे सांगत नाहीत. डायव्हिंग सेवा पुरवणाऱ्यांसाठी आयएसओ 24803 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. एखादे सेंटर त्याचा उल्लेख करत असेल, तर ती जमेची बाजू समजावी. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे तुम्हाला शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचा सदस्य क्रमांक मागून घेणे. तो क्रमांक देऊन त्याचे सदस्यत्व चालू आहे की नाही, याची खात्री संस्थेकडे करून घेता येते. क्रमांक देताना कोणी आढेवेढे घेऊ लागला, तर त्यातून जे समजायचे ते समजावे.

अभिप्राय वाचताना 'फारच सुंदर अनुभव', 'कासव दिसले', 'स्टाफ प्रेमळ' ही वाक्ये ओलांडून पुढे जा. खराब हवामानामुळे डायव्ह रद्द केला म्हणून एखाद्याने रागाने एकच तारा दिला असेल, तर माझ्या हिशेबी तो त्या सेंटरसाठी उत्तम शिफारसपत्र आहे. उलट, 'पहिल्याच दिवशी आम्हाला 30 मीटरवर नेले, काही कागदपत्रे मागितली नाहीत, मजा आली' असे कौतुक वाचलेत, तर त्या सेंटरपासून चार हात दूर राहा. आणखी एक बारकावा असा की, हॉटेलच्या काउंटरवरून किंवा दलालामार्फत नोंदणी केली, तर ज्याचे नाव वाचून तुम्ही पैसे भरले त्याऐवजी भलत्याच सेंटरच्या बोटीवर तुमची रवानगी होऊ शकते. म्हणून बोट कोणाची आणि गाईड कोणाचे पगारदार, हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या.

प्रश्न : गेल्या सहलीत आम्हा दहा जणांच्या गटाला एकच गाईड होता. तो सतत पुढे पोहत होता आणि मासे दाखवत होता. माझा 14 वर्षांचा मुलगा मागे पडला, हे त्याच्या लक्षातही आले नाही. नियमानुसार एका गाईडमागे किती माणसे असावीत? गाईड चांगला आहे हे आधी कसे ओळखावे?

उत्तर : प्रमाणपत्र असलेल्यांच्या मार्गदर्शित डायव्हसाठी सगळीकडे लागू होणारा एकच आकडा नाही, देशागणिक आणि सेंटरगणिक तो बदलतो. प्रशिक्षणासाठी मात्र आकडे ठरलेले आहेत. पॅडीच्या ओपन वॉटर अभ्यासक्रमात समुद्रातील डायव्हच्या वेळी एका प्रशिक्षकामागे कमाल 8 विद्यार्थी चालतात. गटात 10 किंवा 11 वर्षांची मुले असतील, तर एकूण विद्यार्थी 4 आणि त्यांत त्या वयाची मुले जास्तीत जास्त 2. हा कमाल आकडा आहे, आदर्श नव्हे. कुटुंबासाठी मी एका गाईडमागे 4 ही मर्यादा धरेन, आणि बरोबर मूल असेल तर त्याहूनही कमी. पाणी गढूळ असेल किंवा प्रवाह असेल, तर चारही जास्तच.

गाईडची पारख पाण्यात उतरण्यापूर्वीच पुष्कळशी होऊन जाते. बोटीवरील त्याची सूचना-बैठक लक्ष देऊन ऐका. कमाल खोली किती, किती वेळ पाण्याखाली राहायचे, हवा किती उरल्यावर त्याला खूण करायची, कोणत्या दाबावर परत फिरायचे, जोडीदार दिसेनासा झाला तर काय करायचे, हे सगळे त्यात यायला हवे. शेवटच्या मुद्द्याचे सर्वमान्य उत्तर असे आहे : एक मिनिटापर्यंत आजूबाजूला शोधा, सापडला नाही तर सावकाश पृष्ठभागावर या आणि तिथे भेटा. मुलांना हे पाठ असावे आणि गाईडने ते त्यांच्याकडून वदवून घ्यावे. ज्या बैठकीत फक्त कोणते मासे दिसतील याचीच यादी सांगितली जाते, ती बैठक अपुरी होय.

पाण्यात गेल्यावर दोन गोष्टी पाहा. गाईड किती वेळा मागे वळतो, आणि हवेचा दाब विचारताना सर्वांत अननुभवी माणसापासून सुरुवात करतो की नाही. लहान मुले आणि घाबरलेली मोठी माणसे हवा भराभर संपवतात. 200 बार (बार हे दाबाचे एकक) दाबाने भरलेला सिलिंडर अनुभवी माणसाला तासभर पुरतो, नवख्याचा अर्ध्या तासात संपू शकतो. एखाद्याची हवा लवकर संपत आली, तर गाईड संपूर्ण गट वर आणणार की त्याला एकट्याला वर पाठवणार, हे आधी विचारून ठेवा. मुलाला एकट्याने वर पाठवणे हे कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नका. आणि चाचणी-डायव्ह घेणाऱ्या प्रशिक्षकाच्या हातात तुमची छायाचित्रे काढण्यासाठी कॅमेरा दिसला, तर तो बोटीवरच ठेवायला सांगा. नवख्याला सांभाळायला दोन्ही हात आणि दोन्ही डोळे लागतात. छायाचित्रे हवीच असतील, तर त्यासाठी वेगळा माणूस घ्यावा.

पालकांनी एक गोष्ट स्वतःलाही बजावून ठेवावी. आई किंवा वडील जोडीदार असले की मूल सुरक्षित, हा समज भाबडा आहे. ज्याला स्वतःचे तरंगणे अजून नीट सांभाळता येत नाही, तो मुलाच्या मागे धावताना स्वतःच खोल जातो किंवा झपाट्याने वर येतो. मूल भेदरले की श्वास रोखून वर धाव घेते, आणि खरा धोका तिथेच असतो. 10 मीटर खोलीवरून पृष्ठभागावर येताना फुप्फुसांतील हवा दुप्पट होऊ पाहते. श्वास रोखलेला असेल, तर अगदी एक-दीड मीटरवरून वर येतानाही फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून पालक आणि मूल अशी जोडी असली तरी, निदान पहिले काही डायव्ह गाईड हाताच्या अंतरावर असावा. अनुभवी माणसांसाठी ख्याती असलेल्या जोरदार प्रवाहाच्या जागा, उदाहरणार्थ इंडोनेशियातील कोमोडोच्या सामुद्रधुन्या, या वयात टाळलेल्याच बऱ्या. 'मुलांनाही नेतो, काळजी नको' असे तिथला गाईड म्हणाला, तरी नको.

प्रश्न : माझ्या 15 वर्षांच्या मुलीला लहानपणी दमा होता. सेंटरने वैद्यकीय अर्ज पाठवला आणि सोबत कळवले की, सगळीकडे 'नाही' लिहा, म्हणजे इथे आल्यावर अडचण येणार नाही. असे करावे का?

उत्तर : करू नये, आणि त्या सेंटरकडेही जाऊ नये. या अर्जातील काही प्रश्नांना 'होय' उत्तर आले, तर डॉक्टरची लेखी संमती लागते. याचा अर्थ डायव्हिंग कायमचे बंद असा नव्हे. दम्याचा इतिहास असलेल्या अनेकांना तपासणीनंतर परवानगी मिळते, काहींना मिळत नाही. व्यायामाने किंवा थंड हवेने धाप लागते का, औषध चालू आहे का, फुप्फुसांच्या चाचणीत काय दिसते, यावर ते अवलंबून असते. दमेकऱ्याच्या बाबतीत वर येताना श्वासनलिका आकसली, तर हवा फुप्फुसातच अडकून पडण्याची भीती असते, म्हणून हा प्रश्न अर्जात घातलेला आहे. तपासणी निघण्यापूर्वी घरीच करून घ्या, शक्यतो डायव्हिंगच्या वैद्यकशास्त्राची माहिती असलेल्या डॉक्टरकडून. बेटावर पोचल्यावर ऐनवेळी सही करून देणारा डॉक्टर शोधणे म्हणजे तपासणीचा निव्वळ देखावा.

खोट्या उत्तराचा दुसराही परिणाम आहे. अपघात झालाच, तर विमा कंपनी हा अर्ज मागवते, आणि अल्पवयीन मुलाच्या अर्जावर सही पालकाची असते.

प्रश्न : विमा, ऑक्सिजन आणि परतीचे विमान याविषयी सेंटरला नेमके काय विचारावे?

उत्तर : सर्वसाधारण प्रवासविम्यात स्कूबा डायव्हिंग पुष्कळदा वगळलेले असते किंवा विशिष्ट खोलीपर्यंतच मान्य असते, कलमे वाचून घ्या. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारख्या संस्था केवळ डायव्हिंगसाठीचे विमासंरक्षण देतात, आणि त्यांची आणीबाणीतील मदत ही विम्याइतकीच मोलाची असते.

सेंटरला विचारा की, ऑक्सिजन बोटीवर असतो की किनाऱ्यावरच्या खोलीत. पाण्याखाली शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचे, दाब झपाट्याने कमी झाल्यामुळे, बुडबुडे झाल्याची शंका येताच शुद्ध ऑक्सिजन देणे हा पहिला उपचार आहे, म्हणून तो बोटीवरच हवा, आणि रुग्णाला उपचाराच्या ठिकाणी नेईपर्यंत पुरेल इतका हवा. जवळचे रीकम्प्रेशन चेंबर (अशा रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करण्याची खोली) कुठे आहे आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, याचे उत्तर व्यवस्थापकाला वहीत न पाहता देता आले पाहिजे. सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हवेची शेवटची तपासणी केव्हा झाली, त्याचा अहवाल दाखवायला सांगा. कॉम्प्रेसरने इंजिनाचा धूर ओढून घेतला, तर सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड जातो, आणि त्याला स्वतःचा वास नसतो.

विमानाविषयी सर्वमान्य मार्गदर्शन असे आहे : एकच डायव्ह केला असेल तर किमान 12 तास, आणि अनेक डायव्ह किंवा अनेक दिवस डायव्ह केले असतील तर किमान 18 तास विमानप्रवास करू नये. मी कुटुंबांना सरळ 24 तास सांगतो. शेवटच्या दिवशी सकाळी 'एक छोटा डायव्ह' सुचवणाऱ्या सेंटरने तुमच्या विमानाची वेळ विचारली होती का, ते आठवून पाहा. उंच डोंगरावर जाणारा रस्ताही या हिशेबात विमानासारखाच धरावा लागतो.

प्रश्न : बोटीवरच मुक्काम असलेली आठवडाभराची डायव्हिंग सहल मुलांसह करावी का?

उत्तर : मुले पंधरा-सोळा वर्षांची, सराव असलेली आणि स्वतःहून उत्सुक असतील, तर करावी, त्याआधी घाई नको. दिवसाला तीन-चार डायव्ह, खोल जागा आणि दूरचा समुद्र, असे या सहलींचे स्वरूप असते.

इथे बोटीची पारख गाईडइतकीच महत्त्वाची ठरते. 2 सप्टेंबर 2019 रोजी कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन या डायव्हिंग नौकेला पहाटे आग लागून 34 जण मृत्युमुखी पडले. झोपण्याची जागा तळाशी होती, बाहेर पडण्याच्या दोन्ही वाटा वरच्या एकाच दालनात उघडत होत्या, आणि रात्री गस्त घालणारा कोणी नव्हता, असे चौकशीत आढळले. म्हणून रात्री जागा कोण असतो, दुसरी वाट कुठे उघडते आणि बॅटऱ्या कुठे चार्ज करतात, हे तीन प्रश्न नोंदणीपूर्वी विचारा, आणि चढल्यावर मुलांना त्या वाटेने एकदा चालवून आणा.

हजेरीचेही तसेच. जानेवारी 1998 मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवर एक दाम्पत्य पाण्यात असतानाच बोट निघून गेली आणि ते परतले नाहीत, हे दोन दिवसांनी लक्षात आले. त्यानंतर क्वीन्सलँडमध्ये डायव्हिंगच्या बोटींवरील शिरगणतीचे नियम कडक झाले. बोट मुक्कामाची असो वा दिवसाची, तिथे नावे पुकारून हजेरी घेतली जाते की डोकी नजरेने मोजली जातात, ते पाहा. एका कुटुंबाच्या वतीने एकानेच 'आम्ही सगळे आहोत' असे सांगितलेले खपवून घेतले जात असेल, तर प्रत्येकाने स्वतः उत्तर देण्याचा आग्रह तुम्हीच धरा.

प्रश्न : पैसे भरून झाल्यावर मुलाने ऐनवेळी पाण्यात उतरायला नकार दिला, तर सेंटर पैसे परत करते का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी त्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत, काही सेंटर दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी देतात. ही अट नोंदणीच्या वेळी लेखी घ्या. कोणीही, कोणताही डायव्ह, कधीही, कारण न सांगता रद्द करू शकतो, हा डायव्हिंगमधला सर्वत्र मान्य असलेला संकेत आहे आणि तो मुलांनाही लागू आहे. मुलाला हे घरीच सांगून ठेवा. बोटीवर गाईडने 'आता इतके पैसे भरलेत तर' असे म्हणत मुलाची मनधरणी सुरू केली, तर त्याला थांबवा. तेच वाक्य आपल्या तोंडून निघत असेल, तर स्वतःही थांबा. अशा वेळी बोटीवर मुलाबरोबर कोण थांबणार, हे आदल्या संध्याकाळीच ठरलेले असावे, कारण पालक दोघेही पाण्याखाली आणि मूल बोटीवर एकटे, ही व्यवस्था चांगले सेंटर मान्य करत नाही.